लिनक्सवर 'ॲ' सापडत नाही? कीबोर्डमधली एक ओळ बदला

बुलढाणा जिल्ह्यातल्या मोताळा तालुक्यात धामणगाव बढे आहे. हे नाव इन्स्क्रिप्ट कीबोर्डवर लिहायला मधली जागा सोडून दहा बटणं लागतात. ध, ण आणि ढ साठी शिफ्ट दाबायचं, बाकी सगळं सरळ. पण गावातल्या कुणी लिनक्स कॉम्प्युटरवर 'ॲम्ब्युलन्सचा नंबर' अशी पोस्ट लिहायला घेतली, तर पहिल्याच अक्षराला गाडी अडू शकते.

कारण जुन्या इन्स्क्रिप्टमध्ये शिफ्ट आणि १ दाबलं की 'ऍ' उमटतो. 'ए'वर चंद्र देणं हे हिंदीचं वळण. मराठीत चंद्र 'अ'वर येतो, आणि राज्य सरकारच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने त्याला वर्णमालेत जागाही दिली. युनिकोडमध्ये स्वतंत्र 'ॲ' २००८ साली, ५.१ या आवृत्तीत आला.

यावर अनेकजण जुगाड करतात: आधी 'अ', मग शिफ्ट आणि २ दाबून नुसता चंद्र. दिसायला तेच. पण कॉम्प्युटरसाठी ती दोन अक्षरं आहेत. त्यामुळे डोळ्यांना एकच वाटणारे दोन हॅशटॅग प्रत्यक्षात वेगळे निघू शकतात आणि सर्चमध्ये पोस्ट सुटू शकते.

लिनक्समध्ये हे कायमचं दुरुस्त करता येतं. कोणत्या बटणावर कोणतं अक्षर, हे 'एक्सकेबी' नावाची यंत्रणा साध्या टेक्स्ट फाइलमधून वाचते. भारतीय भाषांच्या फाइलचं नाव 'इन', म्हणजे आपला दोन अक्षरी देशसंकेत. त्यात प्रत्येक बटणाला नाव असतं. १ चं बटण 'एई०१': खालून मोजत गेलं की आकड्यांची रांग 'ई' ठरते, आणि तिच्यातलं हे पहिलं बटण. पुढे चार खाने: नुसतं बटण, शिफ्टसह, उजव्या ऑल्टसह आणि दोन्हींसह. दुसऱ्या खान्यात 'यू०९०डी' असेल तिथे 'यू०९७२' लिहायचं. झालं!

मात्र मूळ फाइलला हात लावू नये. सिस्टिम अपडेट झाली की बदल पुसला जातो. होम फोल्डरमधल्या लपलेल्या 'कॉन्फिग' फोल्डरात 'एक्सकेबी' आणि त्यात 'सिम्बॉल्स' असे फोल्डर करून नवी फाइल ठेवायची. तिच्यात आधी मूळ मांडणी 'इन्क्लूड' करायची, मग फक्त ही एक ओळ. वेलँडवर चालणारे नवे डेस्कटॉप ही जागा वाचतात. जुन्या एक्स११ मध्ये फोल्डर कमांड देऊन दाखवावा लागतो. आणि इंग्रजी मांडणी यादीतून काढू नका, नाहीतर पासवर्ड टाकताना पंचाईत होईल.

टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये रेमिंग्टन शिकलेल्यांचं काम मात्र एवढ्यावर भागत नाही. टाइपरायटरवर 'कि' लिहिताना वेलांटी आधी आणि क नंतर. युनिकोडमध्ये साठवण्याचा क्रम उलटा. एक्सकेबी बटणाचं अक्षर पुढे पाठवते, क्रम बदलत नाही. त्यासाठी आयबस किंवा एफसीआयटीएक्ससारखं इनपुट सॉफ्टवेअर आणि त्याला जोडलेली एम१७एन लायब्ररी लागते. बोटांना वीस वर्षांची सवय असेल, तर पहिल्या दिवसापासून थेट तिकडेच वळलेलं बरं.