केडगावची कोरड

संजीवन सभेचा वक्ता केडगावचं नाव घेतो तेव्हा पुढे बादली येणार हे मला ठाऊक असतं. 29 जून 1905, पहाटेचे साडेतीन. पंडिता रमाबाईंच्या मुक्ती सदनात एका मोठ्या मुलीवर पवित्र आत्मा उतरला. जवळच्या बाईंना ती पेटलेली दिसली. त्या पाण्याची बादली आणायला धावल्या आणि ओतणार तोच कळलं, पोर काही जळत नाही. गोष्ट ऐकीव नाही. मिनी एब्रॅम्स या तिथल्या अमेरिकन कार्यकर्तीने ती लगेच पुढच्या वर्षी छापली.

माझी तक्रार एवढीच, की वक्ते बादलीपासून सुरू करतात आणि बादलीवरच थांबतात. हॉल भारावतो, पेटीवाला सूर धरतो, हात वर जातात. त्याआधीची चौदा वर्षं कुणी सांगत नाही.

रमाबाईंचा बाप्तिस्मा 1883 सालचा, इंग्लंडमधल्या वाँटेजचा. पुराणं मुखोद्गत असलेली ही बाई नव्या धर्मातही शास्त्रीच राहिली. त्रैक्यावरून, चर्चच्या अधिकारावरून वाँटेजच्या सिस्टरांशी पत्रांतून कडकडून वाद घातले. मग अमेरिकेत फिरून पैसा उभा केला, 1889 मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं, पुढच्या वर्षी ते पुण्याला हलवलं. काम जोरात चाललं होतं, नाव सातासमुद्रापार गेलं होतं. अशात त्यांच्या हाती विल्यम हॅस्लम यांचं आत्मचरित्र पडलं. हॅस्लम कॉर्नवॉलचे पाळक. स्वतःच्याच चर्चमध्ये उपदेश करता करता त्यांचं परिवर्तन झालं, म्हणजे उपदेशकालाच आधी उपदेश लागू पडला. ते वाचून रमाबाई स्वतःकडे पाहू लागल्या. 1907 मध्ये लिहिलेल्या साक्षीत त्या आडपडदा न ठेवता सांगतात की बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षं धर्म आपल्या पदरी होता, प्रभू मात्र नव्हता. आमच्या मंडळीच्या कमिटीवरच्या कुणी आज असं म्हटलं, तर पुढच्या निवडणुकीत त्याचं नाव यायचं नाही.

ही कोरड त्यांनी लपवली नाही, म्हणून पुढचं घडलं, असं मला वाटतं. दरम्यान 1893 मध्ये, शारदा सदनातल्या मुली ख्रिस्ती होतात या ओरडीपायी रानडे-भांडारकरांसारखे सल्लागार सोडून गेले होते. 1895 च्या एप्रिलमध्ये रमाबाई लोणावळ्याच्या शिबिर-सभेला गेल्या, तेव्हा प्रभूला स्वीकारलेल्या पंधरा मुली त्यांच्याबरोबर होत्या. पहाटे रानात एकट्या बसून त्यांनी देवाजवळ मागणं केलं, की या पंधरांच्या पंधरापट कर, दोनशे पंचवीस. देवाला आकडा घालून देणारी ही बाई मला फार आवडते. लगोलग 1896-97 चा दुष्काळ आला. मध्य प्रांतातून उपाशी मुली येऊ लागल्या आणि पुणे-दौंड लोहमार्गावरच्या केडगावच्या माळरानावर मुक्ती सदनाच्या झोपड्या उठल्या.

1900 मध्ये गुजरातेतल्या दुष्काळातून आलेल्यांत माझ्या आजेसासूबाई होत्या. गाव आठवत नव्हतं, आईचं नाव आठवत होतं. मी लग्न होऊन घरात आले तेव्हा त्या ऐंशीच्या आसपास असतील. बादलीची गोष्ट मी त्यांना विचारली होती. त्या म्हणाल्या, "बादली मी नाही पाहिली गं. आम्ही लहान, दुसऱ्या खोलीत. मला आठवतं ते शाळा बंद झाल्याचं." खरंच वर्ग थांबले होते. त्यांनी कोठारातून गुळाचा खडा उचलला होता. ते सांगायला त्या रडत बाईंकडे गेल्या, तर तिथे आधीच मुलींची रांग. एकीने दुसरीचा कंगवा परत केला. गुळाचं काय झालं, विचारलं तर म्हणाल्या, "खाल्लेला गूळ परत कसा देणार?"

पण हे संजीवन एकाएकी आलं नाही. 1905 च्या जानेवारीत रमाबाईंनी मुलींपुढे त्याची गरज मांडली आणि रोज प्रार्थनेला कोण बसेल ते विचारलं. सत्तर जणी उठल्या. वेल्समध्ये 1904 पासून पेटलेल्या जागृतीच्या बातम्या येत होत्या, त्यानेही ओढ वाढली असेल. जूनपर्यंत सत्तरच्या साडेपाचशे झाल्या. रोज दोनदा, शाळेच्या खोलीत. दळणकांडण, विणकाम, विहिरीचं पाणी हे सगळं सांभाळून. पाच-सहा महिने काही घडत नसताना रोज दोनदा बसणं, ही मला बादलीपेक्षा मोठी गोष्ट वाटते. पण तिच्यावर संजीवन सभा उभी राहत नाही.

बादलीच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी रमाबाई त्यांच्या नेहमीच्या शांत पद्धतीने योहानाच्या शुभवर्तमानाचा आठवा अध्याय समजावत होत्या. मध्येच मुली मोठमोठ्याने प्रार्थना करू लागल्या, सगळ्या एकदम, आणि रमाबाईंना बोलणं थांबवावं लागलं. शेकडो आवाजांची ही प्रार्थना पुढे मुक्तीची खूण झाली. काही गोऱ्या मिशनऱ्यांना ती रुचली नाही. आरडाओरडा, भावनेचा उमाळा, शिस्त नाही! रमाबाईंनी त्यांना मुक्तीच्या नियतकालिकातून उत्तर दिलं, आणि त्यात वाँटेजशी भांडणारी जुनी रमाबाई पुन्हा दिसते. आमच्या मुलींनी इंग्रजांच्या रीतीनेच देवाला हाक मारली पाहिजे असा नियम कुणी केला, हा त्यांच्या म्हणण्याचा रोख. स्वतः शांत स्वभावाच्या असून त्यांनी गोंगाटाची बाजू घेतली.

आजेसासूबाईंनी ती सवय शेवटपर्यंत सोडली नाही. पहाटे चार वाजता अख्ख्या चाळीला ऐकू जाईल अशी प्रार्थना, आणि तीत शेजाऱ्यांची नावं घेऊन त्यांच्या अडचणी. शेजारी चिडत, आणि परीक्षेच्या दिवसांत येऊन आपल्या पोरांची नावं देऊन जात.

एब्रॅम्सबाईंनी आपलं पुस्तक चिलीत वाल्पाराइसोला, शिकागोतल्या वर्गमैत्रिणीला पाठवलं. तिचा नवरा विलिस हूवर तिथे मेथडिस्ट पाळक. 1909 मध्ये त्याच्या मंडळीतही हेच घडलं. मेथडिस्ट वरिष्ठांशी त्याचं फाटलं, आणि चिलीच्या पेंटेकॉस्टल मंडळ्या तिथून निघाल्या. पुण्यात मात्र अजूनही विचारतात, केडगाव म्हणजे नगरचं का?

रमाबाई पुढे सभा गाजवत हिंडल्या नाहीत. हिब्रू आणि ग्रीकची पुस्तकं घेऊन बसल्या आणि साध्या बायकांना कळेल अशा मराठीत अख्खं बायबल उतरवलं. 5 एप्रिल 1922 ला त्या गेल्या आणि ते 1924 मध्ये छापून निघालं, मुक्तीच्याच छापखान्यात. आजेसासूबाई तिथे खिळे जुळवायला शिकल्या होत्या. म्हातारपणीही चर्चचं परिपत्रक हाती आलं, की त्या मजकुराआधी ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका काढत, आणि पाळकांना सांगून येत.