चाकण-चिंचवडकडील सुतारकाम

सुतार हा शब्द सूत्रधारापासून आला, हें वाचकांस सांगणें नको. मयमतांत शिल्पकारांचे चार वर्ग दिले आहेत: स्थपति, सूत्रग्राही, तक्षक आणि वर्धकि; म्हणजे योजणारा, मापणारा, तासणारा व जोडणारा. आमच्या खेड्यांत हे चारही एकाच बलुतेदाराच्या घरीं नांदत. नांगर, कुळव दुरुस्त करून तो खळ्यावर बलुतें घेई. वाड्याच्या कामाची मजुरी निराळी.

शनिवारवाड्याचें काम १७३० सालीं सुरू झालें. त्यास सागवान जुन्नरच्या रानांतलें व दगड चिंचवडच्या खाणींतला, हें प्रसिद्धच आहे. १८२८ च्या आगींत तेथील लांकूडकाम गेलें. सबब तें काम पाहावयाचें तर पुण्यांतील उरल्यासुरल्या आणि खेडोपाडींच्या वाड्यांकडे वळावें लागतें. खांबाच्या माथ्याचें कुसूं तुळईच्या खाचेंत बसे, खिळा क्वचित्. म्हणून असा वाडा उलगडून पुन्हां उभारतां येतो. मात्र कोणता सांधा आधीं सोडावा हें जाणणारा वर्धकि पाहिजे.

पिंपरीस १९५४ सालीं हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना आला, १९६२ सालीं औद्योगिक विकास महामंडळ झालें, आणि पुढें चाकण मोटारींचें ठाणें बनलें. आतां या पट्ट्यांतील पुष्कळसें लांकूडकाम यंत्रांच्या खोक्यांचें व पॅलेटचें असतें. परदेशीं जाणारें असें लांकूड गाभ्यापर्यंत ५६ अंशांवर ३० मिनिटें तापवावें लागतें. मग खिळे ठोकले कीं झालें. त्यानें घर चालतें, आमची तक्रार नाहीं. परंतु माप कचेरींतून येतें; तक्षक राहिला, सूत्रग्राही गेला. २०२३ पासून विश्वकर्मा योजनेंत हत्यारांसाठीं १५,००० रुपये मिळूं लागले. वाकस, पटाशी विकत मिळेल. सांधा शिकविणारा कोठून आणावा?

यांत आम्हां संग्राहकांचाहि दोष आहे. एका मोडलेल्या वाड्याचा नक्षीदार हस्त आम्हीं मोल देऊन घेतला. तो कोणत्या खांबाचा, हें विचारावयाचें राहिलें. पुढें तो उलटा करून पाहतां मागें पटाशीच्या तीन रेघा दिसल्या. ही जोडणीची खूण. खांबावरहि तशाच तीन रेघा असल्या पाहिजेत. चौकशी करतां तो जळणांत गेल्याचें कळलें.

ज्यांच्या संग्रहीं असे हस्त, चौकटी अथवा गणेशपट्ट्या असतील त्यांनीं मागील बाजू अवश्य पाहावी, आणि खुणा आढळल्यास त्यांचे ठसे गांवाच्या नांवासह आमच्याकडे पाठवावे.