अडाणा ते दरबारी : अमीर खाँसाहेबांच्या ध्वनिमुद्रिका आणि आपले इंदूर

रामबागेतील आमचे जुने घर विकण्याचे ठरले, त्या वर्षी माळ्यावरील सामान खाली उतरवण्याचे काम आमच्याकडे आले. सेवानिवृत्त माणसाकडे अशी कामे न सांगता येतात. पितळी हंडे, मोडलेला देव्हारा, मोडी दस्तांचे एक गाठोडे आणि सर्वांच्या मागे पत्र्याच्या दोन पेट्या. एका पेटीत अण्णांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, जमवलेल्या लाखेच्या तबकड्या आणि काही एल. पी.; दुसरीत टेपरेकॉर्डरची अकरा स्पुले. रद्दीवाल्याने पेट्या हाताने तोलून पाहिल्या आणि तबकड्यांना काही भाव नाही, पत्र्याचे तेवढे पैसे देईन, असे सांगितले. आम्ही पेट्या दिल्या नाहीत. पुढची सुमारे चार वर्षे आम्ही त्या ऐकण्यात घालवली. त्या ऐकण्यातून जे हाती लागले आणि जे हातचे गेले, त्याचा हा जमाखर्च आहे.

इंदूरच्या मराठी घरांना गाणे नवे नव्हते. नाना पानसे यांचा पखवाज आणि बंदे अली खाँ यांची बीन होळकरांच्या या नगरीने ऐकली. पण ऐकणारे गेले की ते नादही गेले. उरल्या त्या आख्यायिका. आख्यायिकेची तुलना कशाशी करणार? नोव्हेंबर १९०२ मध्ये ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेडरिक गैसबर्गने कलकत्त्यास गौहरजान यांचे गाणे मुद्रित केले, आणि हिंदुस्थानी संगीतास प्रथमच पुरावा मिळू लागला. त्या मुद्रणाच्या तबकड्या जर्मनीत हॅनोव्हर येथे तयार होऊन येत. तिकडच्या कारागिरांना गाणारी व्यक्ती कोण हे कळावे म्हणून गाण्याच्या शेवटी गायिका आपले नाव स्वतःच इंग्रजीत सांगे. १९०८ मध्ये कलकत्त्यास सियालदह येथे कारखाना उघडला. त्यानंतर चावीचा ग्रामोफोन हळूहळू मध्यमवर्गीय दिवाणखान्यातही आला. मात्र पुराव्यास एक अट होती. दहा इंची तबकडीच्या एका बाजूस जेमतेम तीन मिनिटे मिळत. तासभर फुलणारा ख्याल तेवढ्यात आवरावा लागे.

या अटीचे महत्त्व आम्हांस कळले ते उस्ताद अमीर खाँ यांच्या तबकड्यांमुळे. खाँसाहेबांचा जन्म १९१२ चा. वडील शहामीर खाँ सारंगी व बीन वाजवीत; भेंडीबाजार घराण्याशी त्यांचा संबंध होता आणि होळकर दरबारी त्यांची चाकरी होती. मुलाचे बालपण आणि तालीम इंदुरातच झाली. या तालमीचा कणा म्हणजे मेरुखंड, अर्थात ठरावीक स्वरांच्या सर्व संभाव्य क्रमांची साधना. तीन स्वरांचे सहा क्रम होतात, चारांचे चोवीस, आणि सातांचे पाच हजार चाळीस. सरकारी नोकरीत आकडेमोड करून आमचे केस पिकले, पण हा हिशेब गळ्यात बसवणारा मुलगा डोळ्यांपुढे आणला की आजही छाती दडपते.

खाँसाहेबांच्या गाण्यात तीन प्रवाह मिसळले, असे जाणकार सांगत आले आहेत : अब्दुल वहीद खाँ यांची अतिविलंबित बढत, भेंडीबाजारच्या अमान अली खाँ यांची सरगम आणि आपल्या शेजारच्या देवासच्या रजब अली खाँ यांची तान. यांपैकी कोणाच्या पुढ्यात बसून त्यांनी रीतसर गंडा बांधला नव्हता. श्रवणातून ही विद्या त्यांनी आत्मसात केली. म्हणजे ज्यास पुढे इंदूर घराणे हे नाव मिळाले, ते घराणेच मुळी ऐकण्यातून आणि तुलनेतून जन्मास आले आहे. तबकड्या जमवणाऱ्यास याहून मोठा दिलासा कोणता?

आता पेटीकडे वळू. खाँसाहेबांनी तरुणपणी ७८ फेऱ्यांच्या काही तबकड्या दिल्या. त्यांत अडाणा, पटदीप, तराणे असे प्रकार आहेत. लय चढी, आवाज तेजस्वी, ताना एकीमागून एक. त्यानंतर पेटीतली १९६० ची एच. एम. व्ही. ची एल. पी. लावावी. एका बाजूस मारवा, दुसऱ्या बाजूस दरबारी. चौदा मात्रांचा झुमरा इतका संथ चालतो की सम आली तरी ती आल्याची वर्दी देत नाही. आवाज मंद्रात उतरतो आणि एकेका स्वरापाशी थांबतो. दोन्ही मुद्रणे ओळीने ऐकणाऱ्या नवख्यास हा एकच गवई आहे, असे शपथेवर सांगावे लागते.

अण्णांच्या मित्रमंडळात यावरून दोन तट होते. एका तटाचे म्हणणे असे की, तरुणपणी खाँसाहेब लोकरंजनासाठी गात. पुढे वय वाढले, चिंतन वाढले आणि गाणे गंभीर झाले. दुसरा तट म्हणे, तसे काही नाही. तबकडी लहान म्हणून गाणे लहान, एवढेच. रविवारी सकाळी चहापोह्यांबरोबर सुरू झालेला हा वाद दुपारच्या पानापर्यंत चाले आणि निकालाविना संपे. आम्ही तेव्हा शाळकरी होतो. आमच्याकडे काम एकच, सुई बदलणे.

आज आम्हांस वाटते की या वादास तिसरा साक्षीदार हवा होता, आणि तो त्याच पेटीत पडून होता. १९५५ च्या ‘झनक झनक पायल बाजे’ या चित्रपटाचे शीर्षकगीत खाँसाहेबांनी गायले. संगीत वसंत देसाई यांचे आणि राग अडाणाच. त्याआधी १९५२ च्या ‘बैजू बावरा’त ते द. वि. पलुस्कर यांच्याबरोबर गायले होते. १९५५ मध्ये खाँसाहेब त्रेचाळीस वर्षांचे होते आणि मैफलीत त्यांची विलंबित गायकी स्थिर झालेली होती. तरीही चित्रपटातील अडाणा तरुणपणच्या तबकडीइतकाच तडफदार आहे. याचा अर्थ, चढी लय केवळ वयाची नव्हे. पात्र बदलले की पाणी आकार बदलते, तसा तो प्रकार आहे. अडाणा आणि दरबारी हे कानड्याच्या एकाच कुळातले. अडाण्याचा जीव उत्तरांगात, तार षड्जाभोवती. दरबारीचा जीव मंद्रात, आंदोलित गंधारात. तीन मिनिटांच्या तबकडीस अडाणा मानवतो. दरबारीला बैठक लागते, आणि एल. पी. ने ती प्रथम देऊ केली.

मग दुसरा तट जिंकला काय? तसेही नाही. पात्र बदलूनही जे बदलत नाही, ते शोधणे हे तुलनेचे खरे काम. अडाण्याची तबकडी पुन्हा पुन्हा ऐकली तेव्हा ध्यानात आले की, त्या धावत्या तानांतही स्वर सरळ ओळीने येत नाहीत. चारपाच स्वरांचा एक पुंजका घेऊन त्याचे क्रम उलटसुलट फिरवले जातात. दरबारीत तेच काम सावकाश, आलापातून आणि सरगमेतून होते. मेरुखंड दोन्हीकडे आहे. फक्त एकीकडे तो धावतो आणि दुसरीकडे ध्यानस्थ बसतो. वहीद खाँ १९४९ मध्ये निवर्तले. त्यांच्या रेडिओवरील गायनाची जी थोडी मुद्रणे उरली, त्यांतही एक दरबारी आहे. ती खाँसाहेबांच्या दरबारीशेजारी ठेवून ऐकली की घेतले काय आणि स्वतःचे घातले काय, हे व्याख्यानाविना समजते.

तुलनेत फसगतही होते, आणि ती आमची झाली. एका स्पुलावरील स्थानिक गायकाचा आवाज दुसऱ्या स्पुलाहून उंच व पातळ वाटला. आम्ही वहीत टिपण केले : ‘पूर्ववयातील आवाज, अधिक तेजस्वी.’ अभियंता असलेल्या आमच्या पुतण्याने ते मुद्रण संगणकावर तपासले. विजेच्या पुरवठ्याची घरघर टेपवर बारीक उमटते आणि ती सेकंदास ५० आवर्तनांची असावयास हवी. येथे ती ५३ भरली. म्हणजे मुद्रण करताना यंत्राचा पट्टा सैल असावा, फीत सावकाश फिरली आणि आता योग्य वेगाने लावताच गाणे सुमारे सहा टक्के भरधाव, म्हणजे जवळजवळ अर्धा स्वर उंच झाले. ज्यास आम्ही तारुण्य समजलो, तो रबरी पट्ट्याचा दोष होता. काका, नस्तीवर तारीख नसताना निर्णय कसा दिलात, असे पुतण्याने विचारले. छत्तीस वर्षांच्या नोकरीत हा प्रश्न आम्ही इतरांस विचारत आलो होतो.

शेजारच्या देवासचे उदाहरणही असेच सावध करणारे आहे. कुमार गंधर्व १९४८ मध्ये आजारी अवस्थेत देवासला आले. त्यांच्या बालपणीच्या, तिसाच्या दशकातील तबकड्या आणि आजारानंतरची मुद्रणे यांत जमीनअस्मानाचे अंतर आहे. छोटे, तुटक वाटणारे स्वरसमूह ऐकून ‘फुप्फुसाने साथ सोडली म्हणून’ असा निकाल लोक चटकन देतात. पण नंतरच्या मुद्रणांत माळव्याच्या लोकधुनांचे वळणही ऐकू येते. देह आणि विचार यांपैकी कोणी किती वाटा उचलला, हे दोनच मुद्रणांवरून ठरवणे म्हणजे एकतर्फी निकाल देणे होय.

आता पेटीतील सातव्या स्पुलाविषयी. हे लिहिणे आम्ही लांबवत आलो.

१९५५ मध्ये इंदूरला आकाशवाणी केंद्र सुरू झाले, मालवा हाऊसमधून गाणे घरोघर पोहोचू लागले, आणि पुढे ज्यांना परवडले त्यांनी टेपरेकॉर्डर घेतले. सातव्या स्पुलाच्या डबीवर अण्णांच्या अक्षरात लिहिले होते : ‘गणेशोत्सव. बाई. मालकंस, ठुमरी.’ या बाई आमच्या गल्लीत मुलींना गाणे शिकवीत. रजब अली खाँ यांच्या परंपरेतील तालीम त्यांना मिळाली होती, असे अण्णा सांगत. त्यांची तबकडी निघाली नाही, आकाशवाणीवर त्या गायल्या नाहीत. चाळिशी ओलांडताच त्या गेल्या. त्यांचे एवढे एकच मुद्रण. आम्ही मोठ्या उत्सुकतेने स्पूल लावले. आवाज आला तो क्रिकेटच्या समालोचनाचा.

ते समालोचन आम्हीच मुद्रित केले होते, १९७९ मध्ये, महाविद्यालयात असताना. कोरी फीत महाग होती आणि डबीवरचे अक्षर आम्ही वाचलेही नव्हते. अण्णांनी त्यावरून कधी शब्द काढला नाही. त्यांना कळले होते किंवा नाही, हे विचारण्याची वेळ निघून गेली आहे. समालोचन संपल्यावर फितीच्या शेवटी सुमारे दोन मिनिटे बाईंचा आवाज आहे. मध्य लयीतील मालकंस, मागे कोणाचे तरी मूल रडते आहे, आणि एक तान अशी येते की रजब अली खाँ यांच्या उतारवयातील मुद्रणांची आठवण व्हावी. ती तान खरोखर त्या परंपरेची की आमच्या पश्चात्तापाने तशी ऐकू येते, हे ठरवण्यास दोन मिनिटे पुरत नाहीत.

अमीर खाँसाहेब १३ फेब्रुवारी १९७४ रोजी कलकत्त्यास मोटार अपघातात गेले. त्यांच्या तबकड्या, एल. पी., मैफलींची मुद्रणे जगभर आहेत. ती आता संगणकावर घरबसल्या मिळतात. त्यांच्यासाठी आपली पेटी कोणी उघडली नाही तरी चालेल. पण ज्या भूमीतून ते उगवले, ती भूमी म्हणजे या गल्लीतील बाई, ते संवादिनी वाजवणारे कारकून, गणेशोत्सवाच्या त्या बैठका. त्यांचा पुरावा आपल्या माळ्यांवरच आहे, दुसरीकडे कोठेही नाही. घराण्याचा इतिहास केवळ शिखरांवरून लिहिला तर पायथा आख्यायिकेतच राहणार.

संग्राहकांनी आपापल्या परीने पुष्कळ केले आहे. मुंबईत १९९० मध्ये भारतीय ध्वनिमुद्रिका संग्राहकांची संस्था स्थापन झाली. आपल्याच पिगडंबरला लता दीनानाथ मंगेशकर ग्रामोफोन रेकॉर्ड संग्रहालय आहे. तरीही पहिले काम घरातच करावयाचे आहे. तबकड्या आडव्या रचू नयेत, उभ्या ठेवाव्यात. एल. पी. च्या सुईने लाखेची तबकडी वाजवू नये. तिची खाच रुंद असते. बुरशी धरलेली फीत जाणकाराकडून स्वच्छ करवून घेतल्याखेरीज यंत्रावर चढवू नये. आणि सर्वांत आधी, घरातील वडीलधाऱ्यांस विचारून डबीवर लिहावे : कोण गात आहे, कोठे, कोणत्या वर्षी, साथीस कोण. उत्तर देणारी माणसे फितींहून लवकर संपत आहेत.

रामबागेतील घर आता उरले नाही. तेथे चार मजली इमारत उभी आहे. पेट्या आमच्या नव्या सदनिकेत, पलंगाखाली आहेत. सातव्या डबीवर अण्णांच्या अक्षराखाली आम्ही एक ओळ वाढवली आहे : ‘१९७९ मध्ये मुलाने पुसले. शेवटची दोन मिनिटे शिल्लक.’ खाली सही आणि तारीख घातली आहे.