यॉटचा बेत आणि खांदेरीची होडकी

मित्रमंडळी यॉट भाड्याने घेऊन आठवडाभर बेटं फिरणार म्हणे, तेही ग्रीसला! मी म्हटलं, थळसमोरचं खांदेरी, मुरूडचा पद्मदुर्ग, हर्णैचा सुवर्णदुर्ग, मालवणचा सिंधुदुर्ग, ही काय बेटं नव्हेत? पावसाळा सरला की निघा.

पण आधी १६७९ आठवा. शिवाजी महाराज खांदेरी बांधत होते. इंग्रजांनी मोठी जहाजं आणून वाट अडवली. मराठ्यांची हलकी होडकी मात्र रात्रीच्या अंधारात रसद पोचवत राहिली. इंग्रजांची 'डोव्ह' गुराबही आपल्या हाती लागली. शेवटी इंग्रज माघारी गेले, खांदेरी स्वराज्यातच राहिलं.

वारा, भरती, खडक ओळखणाऱ्या दर्यावर्दींचं हे यश. आज सागरी पर्यटनाच्या बैठकीत तांडेलाला खुर्ची मिळते का? तुम्ही तरी बेत आखताना पहिलं त्याला विचारा.