पत्त्यांची जुळणी : चेतापेशींपासून महाजालापर्यंत

पत्रावर ४११००४ हा पिनकोड दिसला की टपालाची वर्गवारी करणाऱ्याला संपूर्ण पत्ता वाचण्याची गरज पडत नाही. पहिला ४ पाहून पत्र आपल्या विभागाच्या ढिगात पडते, ४१ पाहून उपविभागात, ४११ पाहून पुण्याच्या थैलीत. उरलेले तीन अंक पुण्यातील माणसाने वाचायचे. ही पद्धत श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी आखली आणि १५ ऑगस्ट १९७२ रोजी ती लागू झाली. वेलणकर संस्कृतचे पंडित होते, हे मराठी वाचकांपैकी पुष्कळांना ठाऊक असेल.

महाजालावरच्या सर्व्हरपुढे दर क्षणी हेच काम येऊन पडते. मागणी येते, तिच्यात पत्ता असतो, आणि तो पाहून ठरवायचे असते की हिचे उत्तर आज्ञावलीतील कोणत्या भागाने द्यावे. या कामाला ‘राउटिंग’ म्हणतात.

सुरुवातीला हा प्रश्नच नव्हता. टिम बर्नर्स-ली यांनी १९९० साली जिनिव्हाजवळच्या ‘सर्न’ या संस्थेत पहिला वेब-सर्व्हर चालवला, तेव्हा पत्त्यातील तिरप्या रेघांनी जोडलेले शब्द म्हणजे बहुधा फाइल ठेवल्याची जागा असे. कपाट, खण, फाइल. काढा आणि पाठवा. पुढे १९९३ मध्ये अमेरिकेतील ‘एनसीएसए’ या केंद्रातून ‘सीजीआय’ ही सोय आली. तिच्यामुळे मागणी आल्यावर एखादी आज्ञावली चालवून पान तेव्हाच्या तेव्हा तयार करता येऊ लागले. आता पत्त्यामागे फाइल असेलच असे राहिले नाही. तरीही कित्येक वर्षे पत्त्यांत आज्ञावल्यांची नावे तशीच लटकत राहिली. आज्ञावली बदलली की पत्ता बदले आणि जुने दुवे मरत. पत्ते टिकाऊ असावेत असे सांगणारे टिपण बर्नर्स-ली यांना १९९८ साली लिहावे लागले, ते याच कारणाने.

राल्फ एंगेलशाल यांनी १९९६ मध्ये अपाची सर्व्हरसाठी पत्ते बदलून घेण्याचे एक उपकरण लिहिले होते. ‘या साच्यात बसणारा पत्ता आला तर तो असा समजा’ असे नियम त्यात लिहिता येत. पुढे रेल्स (२००४), जँगो (२००५), एक्स्प्रेस (२०१०) यांसारख्या संचांनी साचे थेट आज्ञावलीत आणले. ‘/वर्ग/:इयत्ता/विद्यार्थी/:क्रमांक’ असे लिहायचे. विसर्गासारखे चिन्ह असलेली जागा बदलती, बाकीची ठरलेली.

साचे सहसा क्रमाने तपासले जातात, याचा अनुभव आम्ही स्वतः घेतला आहे. प्रयोगशाळेतील नमुन्यांची नोंदवही संगणकावर आणताना आम्ही ‘/नमुना/:क्रमांक’ हा साचा आधी आणि ‘/नमुना/नवीन’ नंतर लिहिला. नवा नमुना नोंदवायला गेले की संगणक ‘नवीन’ नावाच्या क्रमांकाचा नमुना शोधू लागे. दोन ओळींची अदलाबदल करण्याआधी आमची एक दुपार त्यात गेली.

संगणक हा साचा आतून ‘रेग्युलर एक्स्प्रेशन’ या रूपात बदलून घेतो, आणि त्या रूपाचा उगम फार अनपेक्षित ठिकाणी आहे. १९४३ साली वॉरन मॅकलक आणि विशीतला वॉल्टर पिट्स यांनी मेंदूतील चेतापेशींचे एक गणिती प्रारूप मांडले : पेशी एक तर चेतते, नाही तर गप्प राहते. अशा पेशींचे जाळे कोणकोणत्या घटनाक्रमांना ओळखू शकेल, हा प्रश्न स्टीफन क्लीनी यांनी १९५१च्या उन्हाळ्यात ‘रँड’ संस्थेत हाती घेतला. तीन क्रिया पुरतात असे त्यांना आढळले : एकापुढे एक ठेवणे, दोहोंपैकी एक निवडणे, आणि कितीही वेळा पुन्हा करणे. पुनरावृत्तीसाठीची त्यांची तारकाखूण आज प्रत्येक आज्ञावलीकार वापरतो. तिचा चेतापेशींशी संबंध होता हे थोड्यांना माहीत असते.

केन थॉम्पसन यांनी १९६८ साली हे गणित मजकूर शोधण्यासाठी वापरले. त्यांची युक्ती अशी : साच्यात फाटा आला की दोन्ही वाटांनी एकदमच निघायचे, आणि दोन वाटसरू एकाच जागी पोहोचले तर त्यांचा एकच करायचा. त्यामुळे मजकूर एकदाच वाचावा लागतो. मजकूर दुप्पट झाला तर काम दुप्पट, त्याहून जास्त नाही.

पण पुढे रूढ झाली ती दुसरी रीत. एका वाटेने जा, अडलात तर मागे फिरा आणि दुसरी वाट धरा. पर्ल आणि तिच्यानंतरच्या अनेक भाषांनी हीच पत्करली. याला निव्वळ बेपर्वाई म्हणणे आम्हाला योग्य वाटत नाही. ‘आधी जुळलेला शब्द पुन्हा आला आहे का’ यासारखे प्रश्न या रीतीला विचारता येतात, थॉम्पसन यांच्या रीतीला नाही. शिवाय रोजच्या कामात ती वेगवानच वाटते.

ती कुठे फसते हे फळ्यावर दाखवता येईल. साचा असा : ‘अ’ एक किंवा अधिक वेळा हा एक गट; असे गट एक किंवा अधिक; शेवटी ‘ब’. मजकूर आहे ‘अअअ’, शेवटी ब नाही. तीन अ-कारांचे गट ४ प्रकारे पडतात : ३, २+१, १+२, १+१+१. ब कुठेच नाही, पण मागे फिरणारा संगणक हे चारही प्रकार करून पाहतो. चार अ असतील तर ८ प्रकार. प्रत्येक अ-गणिक दुप्पट. तीस अ झाले की २ चा २९ वा घात, म्हणजे ५३,६८,७०,९१२ प्रकार. विद्यार्थ्यांना पाच अ-कारांपर्यंत हाताने करू द्यावे. सूत्र त्यांना आपोआप सापडते.

इतका वाईट साचा नसला तरी घात होऊ शकतो. २० जुलै २०१६ रोजी ‘स्टॅक ओव्हरफ्लो’ हे आज्ञावलीकारांचे प्रश्नोत्तरांचे संकेतस्थळ ३४ मिनिटे बंद पडले. ओळीच्या शेवटच्या मोकळ्या जागा छाटणारा एक साधा साचा होता. मजकुरात मधेच सुमारे २०,००० मोकळ्या जागा सलग आल्या. प्रत्येक जागेपासून नवा प्रयत्न : २०,००० + १९,९९९ + १९,९९८ असे करत १ पर्यंत. ही बेरीज शाळेत शिकवतात. ती २० कोटींवर जाते. २ जुलै २०१९ रोजी ‘क्लाउडफ्लेअर’ कंपनीच्या संरक्षक नियमांतील एका साच्याने असाच गोंधळ केला आणि तिच्या सेवेवर अवलंबून असलेली जगभरची असंख्य संकेतस्थळे २७ मिनिटे अडली.

थॉम्पसन यांचा लेख या वेळी पन्नाशीला आला होता. रस कॉक्स यांनी २००७ मध्ये त्याची आठवण करून दिली होती आणि २०१० मध्ये गूगलने त्या रीतीवर आधारलेली ‘आरई-टू’ ही लायब्ररी सर्वांसाठी खुली केली होती. क्लाउडफ्लेअरने अशाच हमी देणाऱ्या यंत्रणेकडे वळायचे ठरवले, ते अपघातानंतर.

पत्त्यांपुरता विचार केला तर आणखी सोपी वाट आहे, आणि ती पिनकोडचीच. एडवर्ड फ्रेडकिन यांनी १९६० साली ‘ट्राय’ असे नाव दिलेल्या झाडात शब्द अक्षराअक्षराने फांद्यांवर ठेवतात. समान सुरुवात असलेल्या शब्दांचे खोड एकच. हजार साचे असले तरी ते एकेक तपासावे लागत नाहीत. गो भाषेतील काही राउटिंग-लायब्रऱ्या अशाच झाडाच्या आटोपशीर रूपावर चालतात.

एक्स्प्रेस मात्र साच्यांचे रेग्युलर एक्स्प्रेशन करणाऱ्या एका छोट्या लायब्ररीवर विसंबून होते. सप्टेंबर २०२४ मध्ये तिच्यातील दोष जाहीर झाला. ‘/:अ-:ब’ असे दोन बदलते भाग एकाच खणात, आडव्या रेघेने तोडून लिहिले आणि कोणी हजारो आडव्या रेघांचा पत्ता मुद्दाम पाठवला, तर प्रत्येक रेघ हीच तोडण्याची जागा धरून प्रत्येक वेळी शेवटपर्यंत वाचन होई. म्हणजे पुन्हा तीच बेरीज. त्याच महिन्यात आलेल्या एक्स्प्रेसच्या पाचव्या आवृत्तीत साच्याच्या ओळीत रेग्युलर एक्स्प्रेशन लिहिण्याची मुभा काढून टाकली गेली. ज्यांचे जुने साचे तसे होते, त्यांना नव्या आवृत्तीसाठी ते पुन्हा लिहावे लागले.