काचेवरचे चेहरे आणि नावाचा प्रश्न

नाव नोंदले गेले की माणूस कागदावर टिकतो. चेहरा टिपला गेला की तो डोळ्यांसमोर उभा राहतो. ज्यांना यातले काहीच मिळाले नाही, त्यांच्या नातवंडांनी कोणाकडे बोट दाखवून 'हा माझा' म्हणायचे? आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर मी. माझ्या पणजोबांचे नाव मला ठाऊक आहे, चेहरा नाही. जुन्या काचेवरच्या छायाचित्रांकडे मी वळलो तो या प्रश्नापायी. हा पैसेवाल्यांचा छंद आहे, या वस्तूंचे लिलाव होतात, हे खरेच. पण छंद ज्याचा असेल त्याचा असो. त्या काचेवर उमटलेला इतिहास आपलाही आहे.

१८५१ साली फ्रेडरिक स्कॉट आर्चर या इंग्रजाने कलोडियनची रीत प्रसिद्ध केली. काचेवर कलोडियनचा थर द्यायचा, ती रुप्याच्या क्षारात बुडवायची आणि ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची. प्रकाश थोडा कमी दिला की फिकट उलटे चित्र उमटते; मागे काळा रंग किंवा काळे कापड ठेवले की तेच सुलटे दिसते. याला अँब्रोटाइप म्हणतात. त्याची दुसरी प्रत नसते. म्हणून ती काच पितळी चौकटीत बसवून, आत मखमल लावलेल्या छोट्या डबीत ठेवत. आरशासारखी चमकणारी डबी दिसली तर ती आधीच्या काळातली, रुप्याच्या मुलाम्याच्या तांब्यावरची. लोहचुंबक चिकटला तर ती लोखंडी पत्र्यावरची. संग्राहकाची पहिली पारख ती हीच.

ही कला आपल्याकडे उशिरा आली असे नाही. १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजींचे बंधू नारायण दाजी हे त्या काळचे नावाजलेले छायाचित्रकार. एल्फिन्स्टन संस्थेत छायाचित्रणाचा वर्ग निघाला आणि हरिश्चंद्र चिंतामण त्यातून शिकून बाहेर पडले. मग आपली माणसे कुठे होती? १८५५ साली 'ज्ञानोदया'त मुक्ता साळवे या चौदा वर्षांच्या मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला. १८५६ साली धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाला प्रवेश नाकारला गेला. इतिहासात तो 'महार मुलगा' एवढ्याच ओळखीने येतो. कॅमेरा शहरात आला होता, पण ज्याला शाळेची पायरी चढू देत नव्हते त्याला खुर्चीवर बसवून त्याची तसबीर कोण काढणार?

कॅमेरा आपल्यापर्यंत आला तो सरकारचे काम घेऊन. १८६८ ते १८७५ या काळात 'द पीपल ऑफ इंडिया' हा ग्रंथ आठ खंडांत निघाला. त्यात साडेचारशेहून अधिक छायाचित्रे आहेत. त्या पानांवर माणूस उभा राहतो तो बहुधा जातीचा किंवा जमातीचा नमुना म्हणून. चेहरा त्याचा, ओळख जातीची. मनूने जे शब्दांनी केले ते इथे भिंगाने झाले.

याच्या उलट उदाहरण अमेरिकेत सापडते. गुलामीत जन्मलेला आणि १८३८ साली निसटलेला फ्रेडरिक डग्लस याने आयुष्यात सुमारे १६० वेळा आपले छायाचित्र काढून घेतले. १८५६ सालचा त्याचा एक अँब्रोटाइप आजही वॉशिंग्टनला जतन केलेला आहे. कोट, टाय, रोखलेली नजर, हसू नाही. गोऱ्यांच्या चित्रांतला लाचार किंवा दात काढणारा काळा माणूस त्याला खोडून काढायचा होता. १८६१ साली त्याने बोस्टनमध्ये चित्रांवर व्याख्यानच दिले. बाबासाहेबांची कोटातली तसबीर आपल्या घराघरांत का लागली, याचे उत्तर या डबीतही आहे.

यादवी युद्धात सुमारे १,८०,००० काळे सैनिक उत्तरेच्या बाजूने लढले. लिल्येनक्विस्ट कुटुंबाने युद्धकाळातल्या सैनिकांच्या अशा डब्या जमवल्या आणि २०१० पासून त्या लायब्ररी ऑफ काँग्रेसला दिल्या. त्यात गणवेशातला एक काळा सैनिक आहे. शेजारी पत्नी आणि दोन मुली. खाली 'अनोळखी' असे लिहिलेले आहे. ज्या कायद्याने कालपर्यंत त्याच्या मुलींना विकता येत होते, त्याच कायद्याच्या तोंडावर मारलेली ही कुटुंबाची तसबीर आहे. तरी नाव हरवलेच. १८७३ साली जोतीरावांनी 'गुलामगिरी' हा ग्रंथ अर्पण केला तो गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना. त्या मुक्तीचा चेहरा पाहायचा असेल तर तो या काचेवर आहे.

मग असा चेहरा मालकीचा कोणाच्या? १८५० साली लुई अगासी या प्राध्यापकाने वंशभेद सिद्ध करण्यासाठी रेंटी, त्याची मुलगी डेलिया आणि इतर गुलामांना उघडे करून त्यांची छायाचित्रे घ्यायला लावली. ती काचेवर नव्हे, तांब्याच्या पत्र्यावर होती. १९७६ साली ती हार्वर्डमध्ये सापडली. आपण रेंटीच्या वंशज आहोत असे सांगत तमारा लॅनियर यांनी २०१९ साली दावा लावला. २०२५ साली तडजोड झाली आणि हार्वर्डने ती छायाचित्रे सोडली. म्हणजे तसबिरीचा हक्क हा मेलेल्यांचाही प्रश्न नाही आणि निव्वळ संग्राहकांचाही नाही. तो जिवंतांचा आहे.

आमच्या गगनबावड्यात हा विचार फार दूरचा वाटत नाही. बावडा ही पंत अमात्यांची जहागीर. रामचंद्रपंतांचे आज्ञापत्र आम्ही शिकवतो. ज्यांच्यावर आज्ञा चालली त्यांचे दप्तर कुठे शिकवतो? इथला पाऊस जिल्ह्यात सर्वांत जास्त. चार महिने भिंती ओल धरतात. ओलीने काचेवरचा थर पोपडे धरतो, कागदी फोटो एकमेकांना चिकटतात. पण ओलीहून जास्त नाश विस्मरण करते.

म्हणून शिक्षकांनी आणि कार्यकर्त्यांनी एवढे करावे. वस्तीतल्या घरांतले जुने फोटो पाहावेत, विकत मागू नयेत. काचेची डबी दिसली तर उघडून पुसू नये. बोट फिरले तरी चेहरा निघून जातो. घरच्यांच्या परवानगीने डबीचा आहे तसा फोटो घ्यावा आणि घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या बाईला विचारावे : हा कोण, गाव कोणते, काम काय करी, गणवेश कोणत्या पलटणीचा? उत्तर तिच्याच शब्दांत वहीत उतरवावे. वस्तू घरात राहू द्यावी, नोंद सर्वांची करावी. ज्यांचा फोटो कधी निघालाच नाही, त्यांचे नाव तेवढे तरी त्याच वहीत लिहावे. 'अनोळखी' हा शब्द आपल्या माणसांखाली पुन्हा कोणी लिहू नये, एवढे तर आपल्या हातात आहे.