नेत्रशस्त्रक्रियेतील ‘लेझर’ : दोन परंपरांचा विचार

टाके न घालता केलेल्या कोणत्याही नेत्रशस्त्रक्रियेस ‘लेझर’ म्हणण्याचा प्रघात वालावलसारख्या कोकणी गावापासून मुंबईपर्यंत आढळतो. वस्तुतः मोतीबिंदूसाठी रूढ असलेली फेको पद्धती मुळात लेझरची नव्हे. चार्ल्स केलमन यांनी १९६७ साली प्रचारात आणलेल्या या पद्धतीत श्राव्यातीत कंपनांनी गढूळ भिंगाचा चुरा करून तो शोषून घेतात. या शब्दसंकरामुळे दोन भिन्न परंपरा एकच मानल्या जातात.

पहिली परंपरा अंधत्वनिवारणाची. तिचे प्राचीन रूप सुश्रुतसंहितेतील लिंगनाशाच्या शलाकाकर्मात दिसते. तंजावरचे मराठे राजे सरफोजी दुसरे (कारकीर्द १७९८ ते १८३२) यांच्या काळात तिला नोंदींची जोड मिळाली. सरस्वती महाल ग्रंथालयात रक्षिलेल्या नेत्ररुग्णपत्रिकांत विकाराचे वर्णन व उपचार यांसोबत डोळ्यांची चित्रेही आहेत.

दुसरी परंपरा चष्म्याचा क्रमांक घालविण्याची. तिचे क्षेत्र भिंग नसून स्वच्छमंडल, म्हणजे डोळ्याचा पुढील पारदर्शक पडदा होय. जपानात सुतोमु सातो यांनी त्यावर सुरीने छेद घेऊन ऱ्हस्वदृष्टी सुधारण्याचा यत्न केला. परंतु पुढे अनेक रुग्णांचे स्वच्छमंडल गढूळ झाले. १९६० साली थिओडोर मेमन यांनी पहिला लेझर सिद्ध केला, तेव्हा नेत्रवैद्यकात त्याचा उपयोग प्रथम दृष्टिपटलावर, उष्णतेने डाग देण्यापुरता झाला. खरे वळण १९८१ साली आले. मूळचे मद्रासचे रंगस्वामी श्रीनिवासन यांनी अमेरिकेत आयबीएमच्या प्रयोगशाळेत एक्झायमर लेझरचे जंबुपार किरण प्राणिज ऊतीवर सोडले. रेणूंचे बंध तुटून ऊती थराथराने नाहीशी झाली; शेजारचा भाग भाजला नाही. १९८३ साली स्टीफन ट्रोकेल यांच्या साहाय्याने हेच तत्त्व स्वच्छमंडलास लागू करण्यात आले.

या इतिहासातून लेझरची मर्यादाही स्पष्ट होते. तो स्वच्छमंडलाची वक्रता बदलतो. चाळिशीचा चष्मा वा पुढील मोतीबिंदू टाळीत नाही. शिवाय वक्रता बदललेल्या डोळ्यात मोतीबिंदूच्या वेळी कृत्रिम भिंगाची शक्ती ठरविणे कठीण जाते, आणि तेव्हा लेझरपूर्वीच्या मोजमापांची नोंद मोलाची ठरते. तरुणपणी चष्मा सोडणाऱ्याच्या उतारवयातील दृष्टीस अशा रीतीने जुन्या कागदाचा आधार लागतो. तंजावरच्या रुग्णपत्रिकांचे महत्त्व केवळ पुराणवस्तूचे नाही, ते याच कारणाने.